कुंचीचा शेवटचा टाका

कुंचीचा शेवटचा टाका दुसऱ्या कुणी घातला, तर काही बिघडते का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी लिहायला बसले आहे. प्रश्न लहान आहे. परंतु माझे गावाबाहेर पडणे त्यावर अवलंबून आहे.

प्रथम कृती सांगते. धुऊन मऊ झालेले सुती कापड घ्यावे. जुन्या लुगड्याचे असेल तर उत्तम. तुकडा मधोमध दुमडून वरची कड शिवली की टोपरे तयार होते. मानेच्या जागी धावदोरा घालून चुण्या ओढाव्यात, कडेने गोट लावावा आणि हनुवटीखाली बांधण्यासाठी दोन बंद टाचावेत. गाठ नेहमी बाहेरच्या बाजूला घ्यावी. आत राहिली तर बाळाच्या कानाला टोचते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी मुलींना एवढेच शिकवत असे. बारशाला देण्यासाठी याहून सोपी भेट मला माहीत नाही.

निवृत्तीनंतर शेजारच्या घरी सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलीला मी अशी एक कुंची दिली. मुलगी तगली, बाळसे धरू लागली. श्रेय दवाखान्याचे आणि तिला अहोरात्र छातीशी धरून बसलेल्या आईचे होते. गल्लीने ते कुंचीला दिले. "बाईंचा हातगुण चांगला हाय," असे आमच्या लोहाऱ्यात झाले, आणि जिथे पाळणा हलणार असेल तिथले कापड माझ्या ओट्यावर येऊ लागले.

माझी धाकटी बहीण येडशीला स्टेशनजवळ राहते. चार दिवस तिच्याकडे जावे, सुईला हात न लावता तिथल्या रामलिंगच्या देवळाजवळच्या झाडीत बसावे, एवढीच माझी इच्छा होती. पिशवी भरली की कुणाचे तरी बारसे आडवे येई. बहीण फोनवर म्हणे, "आक्का, तू तिथं जन्मठेप भोगायलीस का?"

मी रीतसर उपाय केला. वर्तमानपत्राच्या कागदावर कुंची बेतून दिली आणि बायकांना शिवायला शिकवले. त्या शिकल्या, माझ्याहून सुबक शिवू लागल्या. मात्र एक बंद मोकळा ठेवून कुंची माझ्याकडे आणू लागल्या. "समदं म्या शिवलंय बाई. तुमी फकस्त शेवटचा टाका घाला."

पूर्वी एक सकाळ गेली की मी मोकळी होत असे. आता एका टाक्यासाठी मला सदैव घरात असणे भाग पडले. माझ्या थोरल्या जाऊबाई ओसरीवरून म्हणाल्या, "आधी शिंपीण होतीस, आता देवी झालीस. देवीला गाव सोडून जाता येतंय व्हय?"

गेल्या हिवाळ्यात मी कुणालाही न सांगता येडशीला जायला धाराशिवच्या गाडीत जाऊन बसले. गाडी सुटण्याच्या बेतात असताना खालच्या आळीतली एक आजी धावत आली. लेकीचे बाळ, दुसऱ्या दिवशी बारसे. तिने खिडकीतून कुंची आणि सुई आत दिली. सुईतला दोरा निसटला होता. गाडी थरथरत होती, माझी नजर आता पूर्वीसारखी नाही. दोरा काही नेढ्यात जाईना. कंडक्टर माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, तास संपला का? गाडी सोडू?"

मी कुंची परत दिली. "तुम्हीच घाला!" असे ओरडले. ती तिथेच उभी राहिली.

येडशीला मी झाडीत बसले, पण मन बसले नाही. वारा गार होता. ते बाळ शिंकले तर? मी विज्ञान शिकवलेली बाई. तरी वारा आला की पदर सारखा करून गावाकडे बघत असे. चार दिवस ठरले होते; दुसऱ्याच दिवशी परतले.

बारसे उरकून आजी कुंची घेऊन माझ्या दारात बसली होती. "टाका म्या घातला, बाई. आता उसवा आन तुमचा घाला."

"बाळ कसं आहे?"

"लई ग्वाड हाय. पितंय, झोपतंय."

"मग कशाला उसवायचा?"

"पुढचं कुणी बघितलंय?"

मी बंद जोराने ओढून पाहिला. हलला नाही. गाठही बाहेरच्या बाजूला होती. "टाका पक्का आहे," मी म्हटले.

"पक्का हाय की. पण तुमचा न्हाय."

जाऊबाईंनी आतून कात्री आणून माझ्या पुढे ठेवली. येडशीच्या झाडीत आलेला विचार मला आठवला, आणि मी कात्री उचलली. माझा टाका तिच्या टाक्यापेक्षा वाकडा आला. आजी तो कपाळाला लावून निघून गेली.

म्हणून माझ्या निरीक्षणावर मला पुरता भरवसा उरलेला नाही. वाचकांना विनंती आहे की एक कुंची शिवावी, दोन्ही बंद स्वतः टाचावेत, ओढून पाहावेत आणि ती घालणाऱ्या बाळाकडे लक्ष ठेवावे. टाका टिकतो का, बाळ खेळते का, हे कृपया आपणच तपासावे.