तोंडावर सांगून जायचं

तळेगावात एखाद्या मंगल कार्यालयाबाहेर चार वर्षांचं पोर परक्या माणसांच्या चपला ओळीनं लावत बसलेलं दिसलं, तर ते कुणाचं म्हणून चौकशी करायची गरज नाही. ते आबांच्या पाळणाघरात वाढलेलं आहे, हे मी छातीठोकपणे सांगते. आमच्या सईनं तर माझ्या धाकट्या दिराच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अख्ख्या वऱ्हाडाच्या चपला मापाप्रमाणे लावल्या होत्या. लहान पुढे, मोठ्या मागे, आणि नवरदेवाचे बूट शेवटी भिंतीला टेकून. नवरीच्या मैत्रिणी ते बूट पळवायला आल्या तेव्हा पठ्ठी बुटांवर आडवी पडली आणि ओरडली, "दुसऱ्याचा माल हलवायचा न्हाई!" नवरीकडचे लोक हसले, माझी नणंद मात्र दिवसभर माझ्याशी तुटक बोलत होती.

आबा मूळचे टाकव्याचे. सगळी नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत, सामानाच्या गोदामावर गेली. पाळणाघर खरं त्यांच्या बायकोचं. जुन्या तळेगावातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्या मुलं सांभाळायच्या आणि सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं. मावशी अचानक गेल्या तेव्हा पाळणाघर बंद झालं असंच सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण तेरावं झालं आणि आबांनी दार उघडलं. मुलं सांभाळण्याचा अनुभव म्हणाल तर शून्य, म्हणून त्यांनी जे येत होतं ते केलं, म्हणजे पाळणाघराचा डेपो केला. सकाळी पोर ताब्यात घेताना ते पुढून-मागून तपासत. "डाव्या गुडघ्याला खरचटलंय, हे घरचं. नाकाला शेंबूड, त्योबी घरचाच. बघून घ्या ताई, मागनं तक्रार चालायची न्हाई." संध्याकाळी पुन्हा तीच तपासणी आमच्यासमोर. "जसं घेतलं तसं परत. शेंबूड तेवढा आमी पुसलाय." कंपनीतून दमून आलेल्या आम्ही आया हसू दाबत उभ्या असायचो, आणि आमची मुलं हात पुढे करून, नखं दाखवत, शिपायासारखी ताठ.

दुपारी झोपवण्याचं काम अवघड. मावशींचा आवाज गोड होता म्हणतात. आबांना एकही अंगाई येत नव्हती. पण नोकरीभर लोकलनं गेलेला माणूस, त्यांना स्टेशनं येत होती. मुलांना सतरंजीवर ओळीनं निजवून ते डोळे मिटून सुरू करायचे, "देहूरोड... बेगडेवाडी... घोरावाडी... तळेगाव... वडगाव... कान्हे... कामशेत... मळवली..." लोणावळ्यापर्यंत एकही पोर जागं राहत नसे, आणि बहुतेक वेळा आबाही नसत. एका रविवारी माझ्या नवऱ्यानं सईला तसंच झोपवायचं मनावर घेतलं. वडगावनंतर त्यानं एकदम कामशेत म्हटलं आणि जवळजवळ झोपलेली सई ताडकन उठून बसली. "कान्हे राह्यलं!" गाडी परत देहूरोडहून सोडावी लागली.

घरात आमची भाषा कशी आणि हिची कशी! "मला न्हाई भूक", "कुटं चाललीस", "लय झालं आता" असं आमची लेक पाहुण्यांसमोर बोलायची. पाळणाघरात ठेवून पोरगी बिघडली, असं नणंदेनं जाहीर केलं. बिघडली ती बिघडली, पण जेवून उठली की आपली ताटली स्वतः मोरीत नेऊन ठेवायची. नणंदेच्या लेकाची ताटली अजून नणंदच उचलते, म्हणून मी गप्प बसले.

आबांचा एक नियम मात्र डेपोतला नव्हता, तो मावशींचा होता. पोर खेळात रमलं की आईबापांनी गुपचूप सटकायचं, हे तिथे चालत नसे. तोंडावर सांगून जायचं, मग पोरानं कितीही आकांत करू दे. पहिल्या दिवशी सई भोवऱ्याकडे बघत होती, तेवढ्यात मी चपला हातात घेऊन निघाले. गल्लीच्या तोंडाशी मागून आवाज आला. आबा सईला कडेवर घेऊन भराभरा येत होते. "ताई, काय तरी इसरलंय तुमचं." मी पर्स बघितली, मोबाइल बघितला. "ते न्हाई. येते म्हना हिला." मी म्हटलं, आणि सईनं असा टाहो फोडला की दोन घरांची दारं उघडली. मला रडू आलं तसे आबा म्हणाले, "रडू दे. तुमी संध्याकाळी आला की हिला कळंल, येते म्हनलेलं मानूस येतंय. एकदा कळलं की झालं." झालंही तसंच. पुढे आमच्या घरात नवऱ्याला कचऱ्याची बादली खाली ठेवायला जायचं असलं तरी "येतो" म्हणावं लागायचं.

या नियमाबद्दल मी एकदाच विचारलं. ते मुलांच्या चपला लावत होते, मान वर न करता म्हणाले, "दवाखान्यात होती ही. मी डबा आनाया घरी गेलतो. माघारी आलो तर गेलती. येते बी म्हनली न्हाई." मग त्यांनी एक चप्पल उगाचच उचलून पुन्हा तिथेच ठेवली. मला त्या क्षणी तो माणूस फार जवळचा वाटला.

गेल्या दिवाळीनंतर आबांचंच कान्हे राहायला लागलं. मुलं पडल्या पडल्या ओरडायची, "आबा, कान्हे!" आणि आबा "व्हय की" म्हणून गाडी मागे घ्यायचे. आम्हीही हसायचो. मग एका संध्याकाळी मी सईला आणायला गेले, तर आबा अंगणात पाण्याच्या टाकीमागे वाकून बघत होते, चेहरा पांढराफटक. "ताई, तुमची पोर घावंना." सई त्यांचंच बोट धरून उभी होती. "आबा, मी हितं हाय," ती म्हणाली. आबांनी आधी बोटाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि पायरीवर बसले. "माल हातात आसून घावत न्हाई म्हंजे संपलं, ताई." पाळणाघर बंद करतोय हे त्यांनीच सगळ्या घरांना सांगितलं. नाशिकचा लेक न्यायला येणार होता.

शेवटच्या दिवशी मी अर्धी रजा घेऊन आवराआवरीला गेले. मुलांनी जिलेबी खाल्ली, चिकट हात धुतले आणि सतरंजीवर आडवी झाली. आबांनी स्टेशनं म्हटली. त्या दिवशी एकही चुकलं नाही. लोणावळा आलं, खोली शांत झाली, आणि आबा उठले. चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं बाहेर पडले. लेकाची गाडी तिकडेच उभी होती. मी बघत होते, पण मला त्यांना हाक मारवेना.

त्यांचा एक पाय गाडीत होता तेवढ्यात सई डोळे चोळत, अनवाणी, माझ्या बाजूनं पुढे गेली. "आबा, काय तरी इसरलंय तुमचं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते परत फिरले, तिच्यासमोर उकिडवे बसले, आणि म्हणाले, "येतो."

"या," सई म्हणाली आणि निवांतपणे आत जाऊन झोपली. रडले ते आबा, आणि मी.

नव्या शाळेतल्या बाई सईवर खूश आहेत. सकाळी सोडताना रडत नाही, इतकं समजूतदार मूल बघितलं नाही, आधी कुठे होती, असं त्या विचारतात. मी नाशिकला फोन केला होता. लेक म्हणाला, आता नावं आठवत नाहीत, मलाही कधी कधी साहेब म्हणतात. दुपारी मात्र पडल्या पडल्या स्टेशनं म्हणत असतात. कान्हे येतं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

घरी सई अजून चपला लावते. पुढे तिच्या, मग माझ्या, मग बाबांच्या, आणि भिंतीकडे एका मोठ्या जोड्याची जागा मोकळी. नवऱ्यानं चुकून तिथे बूट काढले तर ती उचलून बाजूला ठेवते. "तितं आबांच्या हायेत. येतो म्हनलेत." येतो म्हणालेलं माणूस येतंच, हे तिला शिकवायला आबा मला गल्लीच्या तोंडापर्यंत शोधत आले होते. आता ते खोटं आहे असं तिला कोणत्या तोंडानं सांगू? केर काढताना मीही ती जागा मोकळीच ठेवते.