कडीकाकांच्या जागी माणूस

कंपनीच्या सॉफ्टवेअरची राखण करणाऱ्या गृहस्थांना सगळे कडीकाका म्हणत. घरातून निघताना लावलेली कडी ते पुन्हा ओढून बघत, म्हणून हे नाव बायकोनेच पाडलेलं. निवृत्तीचं वय केव्हाच उलटलं होतं. पण साहेबांचं एकच पालुपद, "तुमच्या जागी माणूस द्या आणि खुशाल जा." घरी बायको एकटीच जेवत होती, आणि ते काकांच्या जिवाला लागलं होतं.

मुलाखतीला येणारे सुरक्षेच्या व्याख्या पोपटासारख्या घडाघडा म्हणत. असाच एक पोपट नोकरीवर घेतला, तर पठ्ठ्याने पासवर्ड चहाच्या मगावर रंगवून घेतला! काकांनी कपाळावर हात मारला आणि प्रश्नच बंद केले.

आता उमेदवाराला कंपनीचा एक कॉम्प्युटर आणि त्याचा पासवर्ड द्यायचा आणि सुरक्षेत भोकं असलेला प्रोग्राम दुरुस्त करायला बसवायचं. तो रंगात आला की काका टाय लावून, साळसूद चेहऱ्याने आत जात. "साहेबांनी पाठवलंय. जरा पासवर्ड सांगता?"

सगळ्यांनी सांगितला. एकाने तर कागदावर लिहून दिला आणि वर काकांना चहा विचारला.

मग एक मुलगी आली. तिने भोकं बुजवली आणि काकांनी पासवर्ड विचारताच ती त्यांच्या टायकडे बघून म्हणाली, "आपण कोण?"

"इथल्या सुरक्षेचा प्रमुख."

"ओळखपत्र?"

ते घरी, दुसऱ्या शर्टात. इतक्या वर्षांत कुणी मागितलंच नव्हतं! मुलीने थेट रखवालदाराला बोलावलं.

"अहो ताई, हे आपले काका!"

"ओळखीचे आहेत म्हणून सोडायचं? भिंतीवर काय लिहिलंय?"

भिंतीवर काकांनीच लिहिलं होतं : ओळखपत्र नसेल तर बाहेर. कुणीही असो. रखवालदाराने हात जोडले, काकांना दंडाला धरून फाटकाबाहेर सोडलं आणि आतून कडी घातली. सवयीने काकांनी ती ओढून पाहिली. पक्की होती.

त्यांनी घरी फोन लावला. "अगं, मला बाहेर काढलं!"

"अहो, या वयात काय दिवे लावलेत?"

"माणूस मिळाला गं!" काका म्हणाले. "फक्त डबा आत राहिलाय. ती म्हणते, तुमचाच कशावरून?"

"ठेवा म्हणावं तिलाच," बायको म्हणाली. "मी पानं घेते."