मेव्हण्याची वायर

टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन अकरा वर्षं झाली, तरी तिला सगळे ऑपरेटरबाईच म्हणतात. पंचेचाळिशी उलटल्यावर तिने नेटवर्कचा कोर्स केला. पहिल्या दिवशी वर्गातली पोरं तिलाच मॅडम समजून उभी राहिली. तिनेही ‘बसा’ म्हणून टाकलं.

नेटवर्क बसवून देणाऱ्या कंपनीतली तिची तीन महिन्यांची परीक्षा आज संपत होती. एक्स-रे सेंटरचं काम उरकून कागदावर डॉक्टरांची सही आणा, नोकरी पक्की. नाहीतर घरी आराम करा, असं साहेबांनी गोड आवाजात सांगितलं होतं.

डॉक्टर आधीच पोळलेले. गेल्या महिन्यात कुणीतरी इंटरनेटवरून घुसून सगळे रिपोर्ट कुलूपबंद केले होते. बाईंनी समजावलं, की राउटर दार उघडून देतो, पण कोण शिरतंय याची फारशी चौकशी करत नाही. म्हणून त्याच्या मागे येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेणारी फायरवॉलची पेटी बसवायची आणि आतली प्रत्येक वायर तिच्यातूनच न्यायची.

“म्हणजे आमच्या सासूबाई,” रिसेप्शनवरची म्हणाली.

कामाआधी प्रत्येक वायर हाताने शेवटापर्यंत चाचपायची, ही बाईंची एक्स्चेंजमधली सवय. टेबलांखालून रांगत त्यांनी सगळ्या चाचपल्या. कपाटामागे जाणारी पिवळी तेवढी राहिली. ती वेटिंगमधल्या टीव्हीची, मेव्हण्याने टाकलीय, हात लावू नका, असं डॉक्टर म्हणाले. घाई होती. बाईंनी ऐकलं.

बाराच्या आत सगळं सुरू झालं. डॉक्टरांनी पेन उघडलं, तोच बाईंचं लक्ष टीव्हीकडे गेलं. टीव्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद होता आणि राउटरवर पिवळ्या वायरीचा दिवा मात्र लुकलुकत होता.

त्यांनी कपाट सरकवलं. वायर सरळ एक्स-रेच्या कॉम्प्युटरमध्ये गेली होती. फोटो पटकन जावेत म्हणून मेव्हण्याने राउटरपासून थेट ओढलेली.

“डॉक्टर, सही नका करू.”

“आता काय? चालतंय की सगळं.”

“चालतंय. पण पुढच्या दारात पहारा बसवलाय आणि मागचं सताड उघडं आहे.”

वायर काढली तर सेटिंग बदलेपर्यंत दोन तास एक्स-रेचे फोटो बाहेर जाणार नव्हते. बाहेर आठ पेशंट बसलेले.

“मग राहू द्या ना. कुणाला कळतंय?”

“मला कळलंय.”

बाईंनी कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं : काम अपूर्ण.

“तुमचे साहेब रागावतील.”

“रागावतील. घरीही बसवतील. पण परत रिपोर्ट अडकले तर तुम्ही मलाच बोल लावाल, आणि बरोबरच लावाल.”

 त्याच कागदावर खाली डॉक्टरांनी लिहिलं : ‘संध्याकाळी सहाला सेंटर रिकामं असतं. याच बाईंना पाठवा.’ आणि सही केली.

“मेव्हण्यालाही बोलावून घेतो,” ते म्हणाले.

“बोलवाच. आणखी कुठे कुठे हात चालवलाय, ते त्यालाच ठाऊक.”