मेढ्याची यष्टी

साताऱ्यात आमच्या कॉलेजमागं एका काकांचं कॉम्प्युटर गेमचं दुकान होतं; आम्ही पोरं तिथं एकत्र खेळायला जमायचो. सगळ्यांना एका गेममध्ये जोडणारा सर्व्हर ते स्वतःच चालू करायचे, पण आधी दारात जाऊन रस्त्याकडं बघायचे. आमच्यातला एकजण मेढ्याहून यायचा.

"यष्टी आली न्हाई अजून. त्यो आल्याबिगर चालू करायचं न्हाई!"

आम्ही वैतागून माऊस आपटायचो.

दुकान बंद होऊन वर्षं झाली. परवा काका माझ्या घरी आले, तेव्हा मी मोबाईलमधल्या एआयला आमचा जुना गेम लावायला सांगितला. त्यानं कुठलासा दूरचा सर्व्हर भाड्यानं घेऊन लगेच चालूही केला. मी कौतुकानं त्यांना दाखवलं.

"लय भारी. पर समदी आल्यात का, ह्ये इचारलं का त्यानं?"

गेममध्ये मी एकटाच होतो.

चहा तसाच ठेवून ते उठले आणि दारात जाऊन रस्त्याकडं बघत उभे राहिले.