वीणा कोण घेणार?

त्या श्रावणात दिघाशीत घरटी एक माणूस जुलाब-उलट्यांनी आडवा झाला होता, आणि आमचे बाबा देवळात हरिनाम सप्ताह मांडून बसले होते. गावात अजून नळ आले नव्हते, सगळा कारभार एका विहिरीवर. मी भिवंडीत शाळेत शिकवायची. बातमी कळली तशी रजा टाकून गावी आले आणि चपला काढायच्या आधीच भांडायला लागले.

"बंद करा तो सप्ताह! नर्सबाई सांगून गेल्यात ना, गर्दी नको म्हणून?"

"वीणा उभी राह्यली हाय, बाय," बाबा म्हणाले. "आता सात दिस ती खाली ठेवायची न्हाय."

एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, दिवसरात्र. जमिनीला टेकली की सप्ताह मोडला. माझं डोकं फिरलं, पण बाबांशी भांडून कोण जिंकलंय? शेवटी तोडगा निघाला. पंगती बंद. पाणी उकळूनच प्यायचं. काल्याला एकमेकांच्या तोंडात घास भरवायचा नाही. आणि आजाऱ्याच्या वस्तूला हात लागला की साबणानं हात धुवायचे. हे मी देवळाच्या पायरीवर उभी राहून इतक्यांदा ओरडले, की पोरं माझी नक्कल करायला लागली. बाबांनी सगळं मान्य केलं. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. घरातून देवळात, देवळातून घरी, नुसत्या येरझाऱ्या.

काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी वीणेवर बाबांचा पहारा होता. मी उकळलेल्या पाण्याची कळशी घेऊन गेले, तर बाबा खांबाला टेकून उभे. ओठ पांढरेफटक, डोळे खोल गेलेले. सकाळपासून ते सारखे टमरेल घेऊन शेताकडं पळत होते म्हणे. शेजारणीला ठाऊक, आणि मला पत्ता नाही!

"बाबा, सोडा ती वीणा!"

"घेनारा येऊ दे."

घेणारा स्वतःच अंथरुणात होता. मी टाळकऱ्यांकडं पाहिलं. कुणी जागचं हलेना. सगळ्यांची नजर बाबांच्या घामानं भिजलेल्या वीणेच्या पट्ट्यावर. मेल्यांनो, पाणी उकळा म्हटलं तेव्हा दात काढत होतात, आणि आता माझाच धडा मला म्हणून दाखवताय! राग त्यांचा आला, बाबांचा आला, माझा तर सगळ्यात जास्त आला.

मी वीणा काढून माझ्याच गळ्यात घातली.

"अगं, बाईमानसानं वीणा..." एक म्हातारा पुटपुटला.

"मग या की पुढं! हात धुता येतात, पट्टाही धुता येतो. मला माझ्या बापाला दवाखान्यात न्यायचंय. घेताय, का ठेवू खाली?"

खरंच ठेवली असती. खाली वाकलेसुद्धा. तेव्हा तोच म्हातारा लटपटत उठला आणि त्यानं वीणा घेतली.

गावातल्याच एकाचा टेम्पो मिळाला. अंबाडीच्या दवाखान्यापर्यंत नुसते खड्डे, बाबांचं डोकं माझ्या मांडीवर. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो ओढून घेतला.

"नको धरू, बाय," ते म्हणाले. "साबन न्हाय हितं."

मला रडूच फुटलं. तो हात मी परत धरला, आणि डॉक्टर "वेळेत आणलंत" म्हणेपर्यंत सोडला नाही.