पिवळा दिवा बंद केला तेव्हा

माझी मुलगी वेळेच्या बरीच आधी जन्मली. पहिले काही आठवडे ती पनवेलच्या एका रुग्णालयात काचेच्या पेटीत होती. मग एके दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "आता घेऊन जा," आणि आम्ही तिला दहिवलीला घरी आणलं. हातात घेतली की वजन लागायचं नाही, नुसती दुपट्याची ऊब लागायची.

घरी आल्यावर तिने एक वेळ धरली. दुपार कलली की रडायला सुरुवात. ओव्याचा शेक झाला, बेंबीभोवती हिंग लावून झाला, सासूबाईंनी खांद्यावर टाकून घरभर फेऱ्या मारल्या, तरी मूठ आवळून, लालबुंद होऊन ती रडतच राहायची. एकदा लस द्यायला नेताना गाडीत बसवली आणि पूल ओलांडायच्या आत ती गाढ झोपली. तेव्हापासून आमचं ठरून गेलं. नवरा कुंभिवलीजवळच्या कंपनीत कामाला. सकाळी तो मित्राच्या मोटारसायकलवर जायचा आणि संध्याकाळी आम्ही तिघी त्याला आणायला जायचो. मी गाडी चालवायची. मागे लहान मुलांच्या खुर्चीत मुलगी, शेजारी सासूबाई, त्यांचा एक हात कायम तिच्या पोटावर.

गाडी जुनी घेतलेली, पण आधीच्या मालकाने नीट ठेवलेली. तिच्यात चाकांतली हवा कमी झाली तर कळायची सोय होती, हे आम्हाला घेतल्यावर कळलं. स्टिअरिंगच्या मागे पिवळा दिवा लागायचा, घोड्याच्या नालासारखं चित्र आणि मधे उद्गारचिन्ह, आणि सोबत तीनदा आवाज यायचा. टिंग, टिंग, टिंग.

तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही पळसदरीच्या पुढे होतो. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचे, राबाचे दिवस होते. दोन्ही बाजूंच्या शेतांतून धूर येत होता, म्हणून काचा वर होत्या आणि आत सगळं शांत होतं. त्या शांततेत तो आवाज आला. मी गाडी कडेला घेतली, उतरले, मागचं दार उघडलं आणि मुलीच्या तळपायावर टिचकी मारली.

ती दचकून जागी झाली आणि रडायला लागली.

"आगं, झोपलेली पोर ती, काय झालं तुला?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही आई. टायरमध्ये हवा कमी आहे वाटतं."

पेटीत असताना माझी मुलगी अधूनमधून श्वास घ्यायला विसरायची. तसं झालं की यंत्र वाजायचं. नर्स घाई न करता यायची, पेटीच्या भोकातून हात घालायची आणि तिच्या तळपायावर बोटाने टिचकी मारायची. मग ती पुन्हा श्वास घ्यायची. मी काचेपलीकडे उभी असायची. मला तेवढंच करता यायचं, उभं राहणं. ते यंत्र असंच वाजायचं असं मी म्हणणार नाही. कदाचित अगदी वेगळं वाजत असेल. पण माझ्या अंगाला तो फरक कळत नव्हता.

पंपावर हवा बघितली तर चारही चाकांत सारखी, पुरेशी. तरी दिवा गेला नाही. खोपोलीतल्या टायरवाल्याने सांगितलं की प्रत्येक चाकाच्या आत हवा मोजणारा एक छोटा सेन्सर असतो, त्यातल्या एकाची बॅटरी संपली आहे. बॅटरी बदलता येत नाही, सेन्सरच नवा लागेल, मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. तोपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही, दिव्याकडे लक्ष देऊ नका.

मी दिव्याकडे लक्ष दिलं नसतंही, पण आवाजाचं काय करणार? गाडी सुरू केली की टिंग, टिंग, टिंग. मग रस्त्यात कुठेही, केव्हाही. तो वाजायच्या आधीच मी वाट बघायला लागले. केळवलीला वाजला नाही, म्हणजे आता खोपोलीच्या आत वाजणार. वाजला की मी थांबायची, उतरायची. घरी सगळ्यांना सांगायची, "त्या आवाजाने ती उठते हो, झोपमोड होते तिची."

नवऱ्याला म्हटलं, "ते सगळंच बंद करून टाकू."

"सेन्सर येऊ दे की. चांगली सोय आहे, कशाला बंद करायची? तू रोज पोरीला घेऊन जातेस."

"म्हणूनच सांगतेय. मला तो आवाज सहन होत नाही."

मी जवळजवळ ओरडलेच. दुसऱ्या दिवशी त्यानेच शिळफाट्यावरच्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला.

इलेक्ट्रिशियन घाईत होता, एका कानाला मोबाईल लावूनच त्याने स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. "ताई, एका चाकाचं बंद होत नाही. चारही चाकांचं बंद होईल. मग हवा कमी झाली तरी गाडी काही सांगणार नाही."

"करा बंद."

"हवा बघत जा मग अधूनमधून."

त्याने गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. बाकीचे दिवे लागले आणि विझले. पिवळा दिवा लागलाच नाही. शिळफाट्याच्या गर्दीतून गाडी बाहेर काढताना मला रडू येईल की काय असं वाटलं, इतकं हलकं वाटत होतं. घरापर्यंत एकही आवाज झाला नाही. मुलगी झोपली होती, सासूबाई पण पेंगत होत्या.

ते सुख दुसऱ्या दिवशी पळसदरीपर्यंत टिकलं. तिथे मनात आलं, आता खरंच हवा गेली तर मला कसं कळणार? मी कडेला थांबले, खाली उतरून चारही टायर हाताने दाबून बघितले. घट्ट होते. गाडीत बसले. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. रुग्णालयातून घरी आणलं तेव्हाही असंच झालं होतं. इतके दिवस तिच्या अंगावर वायरी होत्या, यंत्र होतं. घरी आल्यावर फक्त मी होते, आणि मी तिची छाती वर-खाली होताना बघत बसायची.

मी हवा मोजायचा काटा विकत आणला. निघायच्या आधी चारही चाकं मोजायची. मग गाडीत बसून शंका यायची की मागचं डावं नीट बघितलं का, की उतरून पुन्हा मोजायची. खोपोलीला थांबून मोजायची. कंपनीच्या फाटकाशी, नवरा बाहेर येईपर्यंत, परत. फाटकावरचा वॉचमन माझ्याकडे बघून हसायचा. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. काचेतून बघत राहायच्या.

मग एके संध्याकाळी, कुंभिवलीच्या अलीकडे, गाडी डावीकडे ओढायला लागली. मला वाटलं भास आहे, मला रोजच काही ना काही वाटायचं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि चालवत राहिले. तेवढ्यात शेजारून एक टेंपो आला, ड्रायव्हरने हात बाहेर काढून ओरडून सांगितलं, "मॅडम, मागचा टायर बसला! डावा!"

हायवेवर थांबायला जागा नव्हती. ट्रक एकामागून एक चालले होते आणि प्रत्येक ट्रकच्या वाऱ्याने गाडी हलत होती. मी कशीबशी मातीच्या पट्ट्यावर उतरवली. मुलीच्या खुर्चीचा बेल्ट मला सुटेना. सासूबाईंनीच तो सोडवला, मुलीला पदरात घेतलं आणि रोपांच्या नर्सरीच्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या. "तू पण इकडं ये गं. गाडी राहू दे तिथं," त्या ओरडत होत्या. मी टायरजवळ उभी होते. तो सपाट झाला होता, रबर रिमखाली चेपलं होतं. आज निघताना मी तो दोनदा मोजला होता.

नवऱ्याला फोन केला. कंपनी तिथून फार लांब नव्हती, तो चालतच आला. स्टेपनी लावली, आणि काढलेलं चाक डिकीत टाकायच्या आधी उलटसुलट करून बघितलं. खिळा नाही, काच नाही. उरलीसुरली हवा होती तेवढ्यावर त्याने बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडाशी धरली. बारीक बुडबुडा आला.

"इथून जातेय," तो म्हणाला. "कचरा अडकलाय आत. सारखं काटा लावून लावून." मग माझ्याकडे वळून विचारलं, "दिवसातून किती वेळा बघतेस गं तू हे?"

मी मोजलं नव्हतं.

घरी जाताना गाडी त्याने चालवली. मी मागे सासूबाईंजवळ बसले. एवढ्या गोंधळात मुलगी जागी झाली नव्हती, ट्रकच्या हॉर्ननेही नाही. खोपोली मागे पडल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "बघितलंस? आवाजानं नाय उठत ही. कधीच उठत नव्हती. तू टिचकी मारायचीस म्हणून उठायची."

मी हात लांबवून मुलीचा उघडा तळपाय दुपट्यात झाकला.

"मी बोलले नाय. म्हटलं, आई हाय, तिला कळतं. पण आता डाक्टरणीकडं जाऊ आपण. पोरीसाठी नाय. तुझ्यासाठी."

"मला काय झालंय आई?"

"ते मला नाय सांगता यायचं. पण झालंय."

मुलीच्या डॉक्टरांसमोर टायरची गोष्ट सांगताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. त्या हसल्या नाहीत. घरी आल्यापासून मुलगी एकदाही श्वास विसरलेली नाही, श्वास विसरायचं तिचं वय मागे पडलं, असं त्यांनी पुन्हा एकदा समजावलं. मग विचारलं, "तुम्ही झोपता का?" मी सासूबाईंकडे बघितलं. उत्तर त्यांनीच दिलं, "नाय झोपत."

त्या रुग्णालयातून बाळ घेऊन गेलेल्या किती आया अशाच त्यांच्यासमोर येऊन बसतात, हे त्यांनी सांगितलं आणि पनवेलच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. अंगावर पाजताना चालणारी गोळी मिळाली. दर खेपेला बोलणं व्हायचं. पहिल्या काही वेळा मी टायरबद्दलच बोलले, पेटीपर्यंत यायला वेळ लागला. लगेच काही बदललं नाही. काटा मी नवऱ्याकडे दिला, आणि तो दिल्यावरचे दिवस सगळ्यात वाईट गेले. निघताना पाय अडायचे. हाताने दाबून बघायचा मोह व्हायचा, आणि कधीकधी मी बघायचीही.

सेन्सर आला. नवऱ्याने विचारलं, "बसवू?" मी एक दिवस मागितला, मग हो म्हटलं. इलेक्ट्रिशियनने वायर जोडून बंद केलेलं पुन्हा चालू केलं. दिवा क्षणभर लागला, विझला. नंतर तो खरोखरच्या कारणाने एकदा लागला. मी पंपापर्यंत गाडी नेली, हवा भरली, परत आले. छाती धडधडत होती, पण आले.

मुलीचं संध्याकाळचं रडणं आपोआप थांबलं. सासूबाईंना भाताच्या कामासाठी गावी जायचं होतं, खालापूरच्या आतल्या बाजूला. मी सोडायला गेले. चहा झाला, त्यांनी मुलीला खुर्चीत बसवून बेल्ट लावला, गालावरून हात फिरवला आणि अंगणातच थांबल्या. तेव्हा लक्षात आलं, मागे तिच्याजवळ आता कोणी नाही. इतके महिने मी मुलीला गाडीत एकटीने कधी नेलं नव्हतं.

"जाशील ना गं?" त्यांनी विचारलं.

"जाते."

खुर्ची मागे तोंड करून होती, आरशात तिचा फक्त एक पाय दिसायचा, तोही हलला तरच. फाट्यापर्यंत मी रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघितलं. मग एका एसटीने मागून जोरात हॉर्न दिला, आणि मी समोर बघून चालवायला लागले. तळवे ओले झाले होते. एकेक हात सोडून मी ते ओढणीला पुसत होते. मागून काही आवाज येत नव्हता. मी थांबले नाही.

दहिवलीला घरासमोर गाडी लावली आणि मागचं दार उघडलं. ती जागी होती. केव्हापासून जागी होती, कुणास ठाऊक. ओढणीचं एक टोक तिच्याकडे लोंबत होतं, ते तिने मुठीत धरलं आणि सोडेना.