बारीक सुई

परवा जुनी गोधडी उसवायला बसले. दोरा कुजला होता, नुसता ओढला तरी तुटत होता. आत न कापता घडी करून घातलेलं आईचं लुगडं होतं.

पन्नासेक वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा मी देवपूरला सासरी होते. तिच्या लुगड्याची गोधडी शिवायला बाजारातून चांगली जाड सुई आणली. काम लवकर उरकेल, एवढाच विचार. शेजारच्या अक्का साक्रीकडच्या. त्यांनी ती सुई माझ्या हातातून काढूनच घेतली.

"जाड सुई नको वं पोरी. जुनं लुगडं शे, भोकं पडतीन. बारीक सुईनं शिव. कधी उसवशी ते लुगडं लुगडंच ऱ्हाई."

"शिवलेली गोधडी कोण उसवतं, अक्का?" मी फणकाऱ्याने म्हणाले.

त्यांनी स्वतःची बारीक सुई तेल लावलेल्या केसांतून फिरवली आणि माझ्या हातात दिली. त्या सुईनं शिवता शिवता अख्खा उन्हाळा गेला.

परवा लुगडं धुऊन वाळत घातलं, तर टाक्यांची भोकं मिटली होती. वास फक्त साबणाचा. मग नेसूनच पाहिलं. घोट्यापर्यंत बरोबर आलं. आई मला कायम माझ्यापेक्षा उंच वाटायची.